'गिव्ह द लाय टू' लिहिताना या चुका टाळा

'ही गेव्ह अ लाय टू द कमिटी.' लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की त्यानं समितीला खोटं सांगितलं. शब्द सगळे ओळखीचे आहेत, तरी इंग्रजी जाणणारा वाचक इथे थांबतो आणि वाक्य पुन्हा वाचतो. खोटं सांगितलं असं म्हणायचं असेल तर 'ही टोल्ड द कमिटी अ लाय' किंवा नुसतं 'ही लाइड टू द कमिटी' लिहायला हवं होतं. आणि 'गेव्ह द लाय टू' लिहिलं असतं तर अर्थच फिरला असता. मग कुणाचं तरी म्हणणं खोटं पडलं, असं ते वाक्य सांगू लागलं असतं.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी करणारे, मराठी बातमीवरून इंग्रजी मजकूर तयार करणारे, कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिणारे असे सगळेच या वाक्प्रचाराला कधी ना कधी भेटतात. अग्रलेखात तो दिसतो, भारदस्त वाटतो आणि वहीत उतरवला जातो. पुढे वापरायची वेळ आली की तो हमखास घसरतो. घसरण्याच्या जागा मोजक्याच आहेत आणि जवळपास सगळ्यांचं मूळ एक आहे: डोक्यात 'खोटं बोलणं' असतं, वाक्प्रचाराचा अर्थ मात्र 'खोटं पाडणं' असा आहे.

आधी वाक्याची घडण

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती डोळ्यांसमोर आणा. गोदावरीचा पूर नाशिककर याच मूर्तीवर मोजतात. पाणी पायाशी आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, डोक्यावरून गेलं, एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला नदी कुठवर आलीय ते कळतं. आता समजा, गंगापूर धरणातून विसर्ग वाढलाय आणि कुणीतरी सांगतंय की नदीला पूर नाही, नेहमीचंच पाणी आहे. त्याच वेळी पाणी मारुतीच्या कमरेला लागलंय. इंग्रजीत हे असं येईल:

'द वॉटर ॲट द मारुतीज वेस्ट गेव्ह द लाय टू द क्लेम दॅट द रिव्हर वॉज नॉट इन फ्लड.'

यात तीन भाग आहेत. पहिला कर्ता, म्हणजे मारुतीच्या कमरेला लागलेलं पाणी. ही डोळ्यांना दिसणारी, खरी गोष्ट. दुसरा 'गेव्ह द लाय टू', हा अखंड तुकडा. तिसरा कर्म, म्हणजे 'पूर नाही' हा दावा. ही खोटी ठरलेली गोष्ट. मराठीत आपण म्हणू, 'मारुतीच्या कमरेला लागलेल्या पाण्यानं पूर नसल्याचा दावा खोटा पाडला.' कर्ता नेहमी खरा, कर्म नेहमी खोटं. ही दिशा कधीही उलटत नाही. एवढं पक्कं धरलं तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

आणखी एक पाहून ठेवा. या वाक्यात पाणी काही बोललेलं नाही, ते फक्त तिथे आहे. वाक्प्रचाराचा कर्ता बहुतेक वेळा असाच असतो: आकडा, नोंद, घटना, दृश्य, वागणूक, चेहऱ्यावरचा भाव. 'हिज ट्रेम्ब्लिंग हँड्स गेव्ह द लाय टू हिज काम वर्ड्स' हे वाक्य इंग्रजी गद्यात अगदी मुरलेल्या घाटाचं आहे. बोलणं शांत होतं, पण हात थरथरत होते, आणि हातांनी बोलणं खोटं पाडलं.

'द' ढळू देऊ नका

'अ लाय', 'लाइज', 'हिज लाय', 'धिस लाय' यांपैकी काहीही इथे चालत नाही. 'द' आणि एकवचनी 'लाय' ठरलेलेच आहेत. दावे दहा असोत, 'लाय' एकच राहतं: 'द रेकॉर्ड गिव्ह्ज द लाय टू ऑल दीज क्लेम्स.' मराठीत 'अ' आणि 'द' असा भेद नसल्यामुळे आपल्याकडून उपपद सहज निसटतं, आणि एरवी त्यानं फारसं बिघडतही नाही. इथे मात्र बिघडतं, कारण 'द' गेला की 'लाय'चा अर्थ 'एखादी थाप' असा होतो आणि 'गिव्ह'चा 'देणं'. थाप कुणी 'देत' नाही. इंग्रजीत ती 'टेल' करतात, मराठीत मारतात.

'गिव्ह'ला 'देणं' समजून अर्थ लावू नका. मराठीत 'मार खाल्ला' म्हणताना आपण 'खाणं' मनात आणत नाही, तसंच हे. 'टू'ही अखंड तुकड्यातला आहे. 'गेव्ह द लाय फॉर', 'गेव्ह द लाय अगेन्स्ट', 'गेव्ह द लाय ऑन' ही सगळी मराठी विभक्तीवरून बेतलेली रूपं आहेत. अमेरिकी लेखनात 'पुट द लाय टू' असंही रूप भेटतं, अर्थ तोच. ते चूक नाही, पण एका लेखात एकच रूप ठेवा. तिथेही 'द' आणि 'टू' कायम आहेत, हे ध्यानात घ्या.

'की'चा सापळा

सगळ्यांत जास्त वाक्यं इथे मोडतात, म्हणून यावर जरा रेंगाळायला हवं.

मराठीत 'दावा', 'समज', 'म्हणणं' असे शब्द गाळून थेट 'की' किंवा 'हे' लावता येतं. 'नाशिक जिल्ह्यात पाणी मुबलक आहे, हे येवल्याच्या टँकरनी खोटं ठरवलं.' इथला 'हे' सगळं ओझं उचलतो. हेच डोक्यात धरून इंग्रजी लिहिलं की होतं असं: 'द टँकर्स इन येवला गिव्ह द लाय टू दॅट नाशिक डिस्ट्रिक्ट हॅज प्लेंटी ऑफ वॉटर.'

हे वाक्य व्याकरणात बसत नाही. 'टू' हे शब्दयोगी आहे, आणि त्याच्यापुढे नाम लागतं. 'दॅट'नं सुरू होणारं आख्खं वाक्य त्याच्या पुढे थेट लावता येत नाही. मध्ये एक नाम हवं: 'द टँकर्स इन येवला गिव्ह द लाय टू द नोशन दॅट नाशिक डिस्ट्रिक्ट हॅज प्लेंटी ऑफ वॉटर.' एका नामानं वाक्य उभं राहतं. अर्थानंही ते खरं आहे. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यातले येवला, नांदगाव, सिन्नर पर्जन्यछायेत येतात. जिल्ह्याला एकच विशेषण लावलं की ते कुठल्या तरी तालुक्यात खोटं पडतंच.

आता नाम कोणतं, हा खरा प्रश्न. 'क्लेम' प्रत्येक ठिकाणी चालवू नका. कुणी ठासून मांडलं असेल तर 'क्लेम'. लोकांच्या मनात बसलेली, फारशी न तपासलेली कल्पना असेल तर 'नोशन' किंवा 'आयडिया'. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली समजूत असेल तर 'मिथ' किंवा 'बिलीफ'. कुणी नुसतं सुचवलं, आडून म्हटलं, तर 'सजेशन', आणि त्याच्यामागे 'एनी' फार छान बसतं: 'गिव्ह्ज द लाय टू एनी सजेशन दॅट...' बाजारात उडालेली बातमी असेल तर 'रूमर'. म्हण असेल तर 'द ओल्ड सेइंग'. नाम निवडताना दावा कुणी आणि किती जोरात केला हे पाहावं लागतं. 'क्लेम' लिहिलं की कुणीतरी जबाबदारीनं दावा केला होता असं ध्वनित होतं. तसं कुणी केलेलं नसेल तर वाचक विचारणारच, दावा केला कुणी?

नाम न घालता सुटायची एक वाट आहे, ती म्हणजे दाव्यालाच नामाच्या रूपात आणणं: 'टॉक ऑफ अ शॉर्टेज'. 'रायझिंग अरायव्हल्स ॲट लासलगाव गेव्ह द लाय टू टॉक ऑफ अ शॉर्टेज', म्हणजे लासलगावच्या कांदा बाजारातल्या वाढत्या आवकेनं टंचाईची चर्चा फोल ठरवली. मथळ्याला हे रूप बरं, कारण 'दॅट'सकट लांबण टळते.

पुरावा पुरतो का ते आधी बघा

हा भाग भाषेपेक्षा विचाराचा आहे, पण चूक शेवटी वाक्यातच दिसते. 'गिव्ह द लाय टू' म्हणजे पूर्ण खोटं पाडणं. शंका आणणं, बाजू लंगडी करणं, प्रश्न उभा करणं एवढ्यापुरतं ते वापरलं की वाक्य पुराव्यापेक्षा मोठं होतं.

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर. नदी मात्र त्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि जवळपास १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून हे वाक्य बिनचूक: 'द कोर्स ऑफ द गोदावरी गिव्ह्ज द लाय टू द नोशन दॅट अ रिव्हर ऑल्वेज रन्स टू द नीअरेस्ट सी.' दाव्यात 'ऑल्वेज' आहे, म्हणजे 'नेहमी'. 'नेहमी'चा दावा मोडायला एक नदी पुरते.

आता 'ऑल्वेज'च्या जागी 'यूज्वली' घाला. दावा झाला की नदी बहुधा जवळच्या समुद्राला जाते. हे एकट्या गोदावरीनं खोटं ठरत नाही. 'बहुधा' मोडायचं तर बऱ्याच नद्यांचा हिशेब मांडावा लागेल. म्हणजे कर्मात 'ऑल', 'एव्हरी', 'ऑल्वेज', 'नेव्हर', 'नो वन' असे शब्द असतील तर एक ठोस उदाहरण घेऊन हा वाक्प्रचार वापरता येतो. 'मोस्ट', 'यूज्वली', 'ऑफन', 'मेनी' असतील तर एका उदाहरणावर तो लिहू नका. त्याऐवजी 'कास्ट्स डाउट ऑन' म्हणजे शंका आणतं, 'अंडरमाइन्स' म्हणजे कमकुवत करतं, 'इज ॲट ऑड्स विथ' म्हणजे मेळ खात नाही, यांतलं जे पुराव्याला साजेल ते घ्या.

याच कारणानं 'समव्हॉट', 'पार्शली', 'टू सम एक्स्टेंट' हे शब्द या वाक्प्रचाराला जोडू नयेत. एखादी गोष्ट थोडीशी खोटी पाडता येत नाही. 'पार्शली गिव्ह्ज द लाय टू' लिहायची वेळ आली तर पुरावा अर्धा आहे असं समजा आणि क्रियापदच बदला.

भविष्याबद्दलच्या भाकितांचंही असंच. पाऊस येईल की नाही, भाव चढेल की पडेल, हे घडून गेल्याशिवाय खोटं पडत नाही. जूनमध्ये लिहिताना सप्टेंबरच्या भाकिताला 'गिव्ह्ज द लाय टू' लावणं घाईचं ठरतं.

कर्मात खरी गोष्ट येऊ देऊ नका

'द न्यू एव्हिडन्स गेव्ह द लाय टू द फॅक्ट दॅट...' असं दिसलं की ताबडतोब खोडा. 'फॅक्ट' म्हणजे जे खरं आहे ते, आणि खरं खोटं पाडता येत नाही. मराठीत आपण 'वस्तुस्थिती अशी सांगितली जात होती की' असं सैलपणे म्हणतो, त्यातून हा 'फॅक्ट' येतो. 'क्लेम', 'स्टोरी', 'अकाउंट' यांतलं काही घाला. तसंच 'ट्रुथ', 'रिॲलिटी', 'प्रॉब्लेम', 'डिसिजन' ही नामंही इथे बसत नाहीत. निर्णय चुकीचा असेल, खोटा नसतो. अडचणही खोटी पडत नाही, फार तर अडचण आहे हे म्हणणं खोटं पडतं.

माणूस कर्ता केला तर

'आय गिव्ह द लाय टू यू' असं कुणी लिहिलं तर आजच्या वाचकाला ते नाटकी वाटतं, आणि त्याला कारण आहे. या शब्दांचा जुना अर्थ होता समोरच्याला तोंडावर 'तू खोटं बोलतोस' म्हणणं. 'टू गिव्ह अ मॅन द लाय' हा सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या प्रतिष्ठितांत असा अपमान होता की त्यावर द्वंद्वयुद्धाचं आव्हान यायचं. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये विदूषक टचस्टोन या भांडणाच्या सात पायऱ्या मोजतो. सुरुवात सभ्य प्रत्युत्तरापासून होते आणि सातवी पायरी 'द लाय डायरेक्ट' असते. टचस्टोनच्या मते तिथूनही सुटता येतं, पण एका 'इफ'च्या, म्हणजे 'जर'च्या आधारानंच.

मराठीत याला अगदी नेमकी जोड आहे. 'मला खोटं पाडतोस?' हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, तोच जुन्या इंग्रजी अर्थाचा सूर. आणि 'आकड्यांनी दावा खोटा पाडला' हा आजचा, थंड डोक्याचा अर्थ. 'खोटं पाडणं' हे आपलं क्रियापद माणसाला लावलं की भांडण होतं, म्हणण्याला लावलं की तपासणी होते. इंग्रजी वाक्प्रचारानं हाच प्रवास केला: आधी माणसाला लागला, मग म्हणण्याला. म्हणूनच आज लिहिताना कर्मात माणसाचं नाव न येता त्याचं म्हणणं यावं. 'गेव्ह द लाय टू द ऑफिसर' लिहिलं की अधिकाऱ्याला खोटारडं ठरवल्याचा वास येतो. 'गेव्ह द लाय टू द ऑफिसर्स व्हर्जन' लिहिलं की चर्चा म्हणण्यापुरती राहते.

तरीही 'लाय' या शब्दाचा कडवटपणा पूर्ण जात नाही. अर्थ 'चुकीचं ठरवलं' इतकाच असला, म्हणणारा जाणूनबुजून खोटं बोलला असं त्यात गृहीत नसलं, तरी कानाला तो शब्द टोचतोच. समोरच्याची प्रामाणिक चूक झाली असेल तर 'शोज दॅट ... वॉज मिस्टेकन' लिहिणं न्यायाचं आहे.

कर्मणी प्रयोग आणि रूपं

'द क्लेम वॉज गिव्हन द लाय बाय द फिगर्स' हे शक्य आहे, पण कानाला खटकतं आणि क्वचितच कुणी लिहितं. वाक्य सरळ करा: 'द फिगर्स गेव्ह द लाय टू द क्लेम.' कर्मणीच हवं असेल तर 'द क्लेम वॉज डिस्प्रूव्ह्ड बाय' लिहा.

रूपं गिव्ह, गेव्ह, गिव्हन. 'हॅज गेव्ह' चूक, 'हॅज गिव्हन' बरोबर. लांबलचक कर्त्यात वचन चुकतं. 'द स्टॉक ऑफ ओनियन्स लाइंग इन द शेड्स ऑफ लासलगाव अँड पिंपळगाव' यात कर्ता 'स्टॉक' आहे, एकवचनी, म्हणून 'गिव्ह्ज'. जवळच्या 'ओनियन्स' किंवा 'शेड्स'कडे पाहून 'गिव्ह' लिहिलं जातं. वरचा 'लाइंग' पडून असलेला, आपल्या वाक्प्रचाराशी त्याचा संबंध नाही. एकाच वाक्यात दोन्ही 'लाय' आणू नका, वाचक गोंधळतो.

याच उदाहरणात आणखी एक खाच आहे. आपण म्हणतो कांद्याची चाळ. इंग्रजीत तोच शब्द 'ओनियन चॉल' असा नेला तर बाहेरच्या वाचकासमोर गिरगाव-परळची खोल्यांची चाळ उभी राहते. 'व्हेंटिलेटेड ओनियन स्टोरेज शेड' लिहा. उदाहरणार्थ: 'द समर ओनियन, विच कीप्स फॉर मंथ्स इन अ वेल-व्हेंटिलेटेड शेड, गिव्ह्ज द लाय टू द बिलीफ दॅट ओनियन्स ऑल्वेज रॉट विदिन वीक्स.' उन्हाळ कांदा हवेशीर चाळीत महिनोन् महिने टिकतो, हे निफाडच्या कुणालाही सांगावं लागत नाही, पण दिल्लीच्या वाचकाला सांगावं लागतं, आणि तिथेच हे वाक्य कामाचं ठरतं.

स्पेलिंगमध्ये 'लाय' एल, आय, ई. 'एल, ए, वाय' लिहिलं तर संगणकाची तपासणी गप्प बसते, कारण तोही खराच शब्द आहे. तपासणीवर विसंबू नका. उच्चारताना जोर 'लाय'वर येतो, 'गिव्ह'वर नाही.

शेजारच्या शब्दांशी गल्लत

'डिनाय', 'रिबट', 'रिफ्यूट' हे तिघे एकमेकांच्या जागी टाकायची सवय बातम्यांत फार आहे. 'डिनाय' म्हणजे नुसतं नाकारणं, पुरावा लागत नाही. 'रिबट' म्हणजे प्रतिवाद करणं, उत्तर देणं, ते पटेलच असं नाही. 'रिफ्यूट' म्हणजे पुराव्यानं खोडून काढणं. पदाधिकाऱ्यानं पत्रकार परिषदेत 'आरोप निराधार आहेत' इतकंच म्हटलं असेल तर ते 'डिनाइड'. त्याला 'रिफ्यूटेड' म्हटलं तर बातमीदारानं नकळत त्याच्या बाजूनं निकाल दिला. 'गेव्ह द लाय टू' हे 'रिफ्यूट'पेक्षाही पुढचं, म्हणून अशा बातमीत त्याला जागाच नाही.

'बिलाय' हा खरा फसवा शेजारी. त्याला दोन दिशा आहेत. 'द फिगर्स बिलाय द क्लेम' इथे आकडे खरे, दावा खोटा. पण 'हर काम फेस बिलाइड हर फिअर' इथे चेहरा फसवा आणि भीती खरी, चेहऱ्यानं भीती झाकली. 'गिव्ह द लाय टू'ला ही दुसरी दिशा नाही. 'हर काम फेस गेव्ह द लाय टू हर फिअर' लिहिलं तर भीतीच खोटी ठरेल. झाकणं, दडवणं या अर्थी 'बिलाय', उघडं पाडणं या अर्थी दोन्ही.

'डिबंक' हा सैल, बोलता शब्द आहे, भ्रामक समजुतींना शोभतो. 'द लाय ऑफ द लँड' म्हणजे जमिनीचा चढ-उतार, आणि त्यावरून परिस्थितीचा अंदाज. तिथे खोटेपणाचा काही संबंध नाही.

भारदस्त आणि सैल शब्दांची सरमिसळ झाली तर वाक्य विस्कटतं. देवळालीच्या लष्करी छावणीवरून इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द गेला, अर्थ डोकं फिरलेला. सैनिक 'डूलॅली टॅप' म्हणायचे, त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. शब्द आपल्या गावचा, गोडही आहे, पण 'गिव्ह द लाय टू'च्या शेजारी तो बसवला तर रेशमी उपरण्याला गोणपाटाचं ठिगळ लावल्यासारखं दिसेल.

मराठीत आणताना

'खोटं ठरवलं', 'खोटं पाडलं', 'फोल ठरवलं' हे तीन पर्याय जवळपास सगळीकडे पुरतात. छापील गद्यात 'फोल ठरवलं' जास्त सुबक. 'पितळ उघडं पडलं' घेऊ नका, कारण त्यात कुणीतरी सोन्याचं सोंग आणलं होतं हे येतं. 'बिंग फुटलं'मध्ये लपवलेला कट येतो, 'भांडं फुटलं'मध्ये गुपित. प्रामाणिक गैरसमज खोटा ठरला असेल आणि भाषांतरात 'पितळ उघडं पडलं' आलं तर मूळ लेखकाच्या तोंडी न केलेला आरोप जातो. 'दाव्यातली हवा काढली' बोलण्यात चालेल, अहवालात नको.

कुठे लिहूच नये

कारणे दाखवा नोटिशीच्या खुलाशात हा वाक्प्रचार टाळा. वरिष्ठाच्या म्हणण्याला 'द रजिस्टर गिव्ह्ज द लाय टू' असं उत्तर देणं म्हणजे विनाकारण ठिणगी टाकणं. 'द रजिस्टर डझ नॉट सपोर्ट धिस' लिहा आणि नोंदीचा पान क्रमांक, तारीख द्या. काम तेच होतं.

दिवाणी दाव्यातल्या लेखी कैफियतीत तर तो उपयोगाचाच नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश ८ चे नियम ३ ते ५ सांगतात की वादीचं जे जे म्हणणं मान्य नाही ते नेमकेपणानं नाकारलं पाहिजे. मोघम नकार चालत नाही, आणि जे नेमकं नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. 'कागदपत्रं वादीचं सगळं म्हणणं खोटं पाडतात' हे वाक्य ऐकायला जोरकस, पण कुठलं कलम नाकारलं हे त्यातून कळत नाही. तिथे कलमवार उत्तरच हवं.

अडलेलं वाक्य सोडवायचं असेल तर

लिहून झालेल्या वाक्याबद्दल शंका आली की 'गिव्ह्ज द लाय टू' काढून तिथे 'शोज दॅट' घाला आणि शेवटी 'इज फॉल्स' जोडा. 'द टँकर्स शो दॅट द नोशन इज फॉल्स.' हे सरळ वाचता आलं तर मूळ वाक्य ठीक. 'द टँकर्स शो दॅट द डिसिजन इज फॉल्स' असं काही निघालं तर कर्म चुकलंय. 'द चेअरमन शोज दॅट' असं निघालं तर कर्ता तपासा: अध्यक्षांनी दाखवलेला कागद कर्ता व्हायला हवा होता का? 'शोज'च्या जागी मनातून 'मे शो' येऊ लागलं तर पुरावा अपुरा आहे. आणि 'फॉल्स'च्या जागी 'रॉंग' किंवा 'बॅड' म्हणावंसं वाटलं तर तुम्हाला दावा खोडायचा नाहीये, कुणाच्या तरी कृतीवर टीका करायची आहे. त्यासाठी 'क्रिटिसाइझ' किंवा 'क्वेश्चन' घ्या.

एका लेखात हा वाक्प्रचार एकदाच ठेवा. दुसऱ्यांदा गरज पडली तर 'डिस्प्रूव्ह' लिहा.